मधल्या गावाची साक्ष

मंजुश्रीनं आपली खुर्ची सत्यभामाबाईंच्या जवळ ओढली आणि समोर बसलेल्या परदेशी पाहुणीला, विचारा, अशी खूण केली.

पाहुणीच्या देशाची शेजारच्या देशाशी एका नदीच्या पाण्यावरून बोलणी चालली होती. त्यात दाखला द्यायला तिला इथल्या मांजरा नदीची हकिकत हवी होती. नदी महाराष्ट्रातून येते, कर्नाटकात बीदरातून पुढं तेलंगणात जाते. काठची माणसं कसं निभावतात, ते तिला त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं. मंजुश्री बीदरच्या एका कॉलेजात तासिकेवर इंग्रजी शिकवायची. दुभाषाचं हे काम तिला शेजारी बसलेल्या, कर्नाटकच्या पाटबंधारे खात्यातल्या साहेबांच्या शब्दावर मिळालं होतं. कायम नेमणुकीची फाईलही त्यांच्याच ओळखीनं हलणार होती. आपल्या राज्याची बाजू पडता कामा नये, एवढं त्यांनी सकाळीच गाडीत सांगून ठेवलं होतं.

सत्यभामाबाईंचं गाव बीदरकडच्या काठावर; त्या आधी वरच्या, महाराष्ट्रातल्या धरणाबद्दल बोलल्या. उन्हाळ्यात तिकडून थेंब सुटत नाही, जनावरं विकावी लागतात. मंजुश्री वाक्यामागून वाक्य इंग्रजीत सांगत गेली. साहेब मान डोलवत होते. मग म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं.

“पण खरं सांगू का? वरच्याच्या नावानं आमी बोटं मोडतो, आन् खालच्यासंगं तेच करायलोत. आमच्या बंधाऱ्याची दारं आमच्याच माणसांनी बंद केलीत. माझी लेक खाली दिलीय. हंडा घेऊन कोसभर जायलीय ती. तिच्या दारात जायची लाज वाटायलीय मला.”

साहेबांनी चष्मा काढला आणि मंजुश्रीकडं पाहिलं.

पाहुणी पेन धरून थांबली होती. यांची मुलगी खालच्या राज्यात असते, तिथंही पाण्याचे हाल आहेत, असं मंजुश्रीनं सांगितलं. वरून पाणी सुटत नाही म्हणून, हे तिनं आपल्या पदरचं जोडलं. पाहुणीनं ते लिहून घेतलं.

सगळे उठले तेव्हा सत्यभामाबाईंनी विचारलं, “मी येवढं बोलले. तू येवढुसंच कसं सांगितलीस?”

“इंग्रजीत थोडक्यात होतं, आज्जी.”

म्हातारीला ते पटलं. लेकीचं हे आजवर गावात कुणापुढं काढलं नव्हतं, म्हणाली. तिनं मंजुश्रीचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

“कागदावर आलं न्हवं पण?”

“व्हय,” मंजुश्री म्हणाली.

साहेबांनी तिच्यासाठी गाडीचं पुढचं दार उघडून धरलं होतं. ती मागं जाऊन बसली.