न्हाणाची साखर

द्वारकाबाईंनी मखराला केळीचा खुंट बांधला आणि गाठ कचकन ओढली. आत त्यांची भाची ठकी हिरव्या लुगड्यात अवघडून बसली होती. कालच तिला न्हाण आलं होतं. पोर सुधारली ती माझ्या हाताखाली, असं द्वारकाबाई मस्तगड वस्तीतल्या बायकांना सकाळपासून ऐकवत होत्या.

बढाई होती, पण खोटी नव्हती. गेल्या पोळ्याला त्या आष्टीला भावाकडे गेल्या, तेव्हा चौदाव्या वर्षातली ठकी दहाची दिसत होती. मनगटं काटक्यांसारखी, केस पिंगट, दोन वर्षांपूर्वीची चोळी अजून ढिली. दारात दुभती म्हैस, आणि दूध सगळं धाकट्या मुलाच्या पेल्यात. द्वारकाबाईंचं डोकंच फिरलं. भावजयीला, सोनूबाईला, त्यांनी उभ्या गल्लीसमोर कैदाशीण म्हटलं आणि पोरीला निजामाच्या आगगाडीत घालून जालन्याला आणलं. मग दुधातुपात हात आखडला नाही.

आज सोनूबाई लेकीची ओटी घेऊन आली होती. मखराकडे न बघता ती चुलीपाशी टेकली.

"वन्सं, जाफराबादला साखर धाडली का?"

"कालच धाडली. न्हाण आलं की सासरी कळवायलाच पाहिजे. येत्या शुक्रवारी न्यायला येऊन राह्यले."

सोनूबाई पदराचं टोक पिळत राहिली.

"माझी चांगुणा बी अशीच गेल्ती. तेराची."

द्वारकाबाईंचा हात थांबला. थोरली भाची चांगुणा सासरी पहिल्याच बाळंतपणात गेली होती.

"हिला मी जाणून उपाशी ठेवलं, वन्सं. आंग भरलं न्हाई तर न्हाण येत न्हाई. न्हाण न्हाई तर नेत न्हाईत. आजून एखादं साल बराबर निभलं असतं."

"मला सांगायचं तरी, सोनू!"

"तुम्ही बोलू कुठं दिलं?"

द्वारकाबाईंना स्वतःचीच शिसारी आली. साखर घेऊन गेलेला माणूस एव्हाना जाफराबादेत पोचला असणार.

सोनूबाईनं गाठोडं सोडलं. रीतीसाठी आणलेल्या गुळाच्या पोळ्या पानावर ठेवल्या आणि विटाळ म्हणून लांबूनच पान ठकीपुढे सरकवलं. ठकीनं आईकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"खा माय," सोनूबाई म्हणाली. "आता खा. ताकद लागंल."