सात नंबरची निळी जर्सी

यंदा नऊ सामने, नऊ हार. आमच्या कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा संघ जेमतेम तीन वर्षांचा, कुठल्याच लीगनं अजून पदरात न घेतलेला. म्हणून ज्याचा शनिवार रिकामा, त्याच्या गावी आम्ही बस घेऊन हजर. त्यातले पाच सामने तर दुसऱ्यांच्या होमकमिंगचे. त्या दिवशी त्यांचे जुने विद्यार्थी कॉलेजात परत येणार, त्यांच्यासमोर हमखास हरणारा पाहुणा हवा, तो आम्ही! असा संताप व्हायचा माझा.

मी व्हर्लीन. संघाचे कपडे धुते, हेल्मेटं सांभाळते आणि मोजे हरवणाऱ्या पोराची बिनपाण्यानं करते.

दहावा, शेवटचा सामना मात्र आमच्या मैदानावर होता. आमचं पहिलंवहिलं होमकमिंग. त्या सकाळी केल्विनचा कप्पा रिकामा दिसला. केल्विन म्हणजे आमचा चेंडू फेकणारा, सगळा खेळ त्याच्यावर. मोठ्या कॉलेजचं बोलावणं आलंय, हे कानावर होतंच.

"चाललास ना रे?"

"काय करू, मिस व्हर्लीन? इथं आपण खेळलो काय, नाही खेळलो काय, उद्या कुणाच्या लक्षातही राहणार नाही."

तो गेला की निम्मी पोरं मागोमाग जाणार, आणि मग संघ कसला राहतोय!

त्याच घोरात मी जर्स्या वाटल्या. मैदानाकडे बघते तर समोरचा संघ पांढऱ्यात आणि आमचाही पांढऱ्यात! पाहुण्यांनी पांढरं घालायचं, यजमानांनी रंगीत. वर्षभर परगावी पांढरंच घालून माझ्या हाताला तीच सवय लागली होती.

"अगं व्हर्लीन, आज आपण घरी आहोत!" कोच हॉलिस कपाळावर हात मारून ओरडले.

"ओरडताय काय, निळ्या जर्स्यांचं खोकं उचला!"

निळ्या जर्स्या गेल्या वर्षीच्या. पाठीवरची नावं मी उसवलीच नव्हती. केल्विनच्या वाट्याला सात नंबर आला, 'बॅस्कम' नावाचा.

होमकमिंगला जुने खेळाडू समोरासमोर दोन रांगा करतात, मधून संघ धावत येतो. आमचे जुने खेळाडू मोजून चार. आला एकटा ट्रुएट बॅस्कम, सहा तास ट्रक चालवत. समोरच्या रांगेत मग मीच उभी राहिले.

पोरं धावत आली. केल्विन पुढे गेला आणि त्याची पाठ बघून ट्रुएटसारखा आडदांड गडी हमसून रडायला लागला. केल्विन मागे वळला.

"तुम्हीच बॅस्कम?"

"हो. हाच नंबर घालून अकरा सामने हरलोय. नीट फेक रे बाबा, माझी अब्रू आहे तुझ्या पाठीवर!"

आम्ही हरलो. पण तीनच गुणांनी, आणि शेवटच्या मिनिटापर्यंत प्रेक्षक उभे होते.

घामट कपड्यांचा ढीग मी आवरत होते. केल्विन सगळ्यांच्या शेवटी आला, जर्सीची व्यवस्थित घडी घालून.

"पुढच्या वर्षी हिच्यावर माझं नाव शिवाल? आणि मी पदवी घेऊन गेलो ना, की लगेच उसवू नका. मलाही एकदा त्या रांगेत उभं राहायचंय."

"मोजे कुठायत तुझे?" मी डाफरले. नाहीतर त्याच्यासमोरच रडले असते.