न आलेला फेस

मी बटाटा बोलतोय. खरं तर अर्धाच. दुसरा अर्धा आज सकाळी विज्ञानाच्या तासाला खर्ची पडला, आणि त्याचं मला जराही दुःख नाही.

माझा जन्म मातीच्या पोटातला, अंधारातला. पुढे पोत्यात बसून दुकानात आलो. तिथे येणारा-जाणारा प्रत्येकजण मला दाबून, उलटंपालटं करून बघायचा. माणसं बटाटा घेताना करतात तेवढी चौकशी आणखी कशाची करत असतील असं वाटत नाही. शेवटी एका शिक्षिकेने मला उचललं आणि मी तिच्या स्वयंपाकघरात राहायला गेलो.

आज तिने मला पिशवीत टाकलं तेव्हा तिची आई म्हणाली, "जेवायचा बटाटा शाळेत कशाला नेतेस गं?"

"आज माझीच परीक्षा आहे, आई."

खरंच होती. बाईंची नेमणूक या महिन्यापुरतीच. पुढे ठेवायचं की नाही, हे मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, आजचा तास बघून ठरवणार होत्या. बाईंना ही नोकरी मनापासून हवी होती. सकाळी भांडी घासतानाही त्या तास पाठ म्हणत होत्या.

शाळेत माझे तुकडे झाले. एक नुसताच ठेवला, एक बर्फात, एक व्हिनेगरमध्ये आणि एक उकळून काढला. प्रत्येकाला वेगळी परीक्षानळी मिळाली. मी उरलेला अर्धा, टेबलावरून स्वतःचीच गंमत बघत बसलो. मोठ्या बाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या, तसं त्यांच्या शेजारच्या उंच मुलाने, सगळ्यांच्या लंबूने, आयुष्यात पहिल्यांदा पाठ ताठ केली.

"बटाट्यात एक विकर असतं, म्हणजे एन्झाइम," बाई सांगू लागल्या. "हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की ते त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. ऑक्सिजन बाहेर पडतो म्हणून फेस येतो. आता कुठल्या नळीत किती येतो ते बघू."

खिडकीतली बाटली घेऊन त्यांनी चारही नळ्यांत ओतलं.

काहीच नाही. उकळलेला गप्प बसला, ते ठीक. पण साधा तुकडाही ढिम्म. माझं तर नाकच कापलं गेलं. अहो, एकही कोंब न फुटलेला ताजा बटाटा मी!

मुलांना या बाई फार आवडायच्या. मॉनिटर मुलीने एकदा मागे मोठ्या बाईंकडे पाहिलं आणि ठामपणे म्हणाली, "बाई, आला फेस. पहिल्या नळीत."

"हो बाई, भरपूर आला," लंबू म्हणाला.

"व्हिनेगरवाल्यात कमी आलाय," आणखी एकाने भर घातली.

बघता बघता अख्ख्या वर्गाला फेस दिसायला लागला. अगदी पुस्तकात दिलाय तेवढाच. माणसं प्रेमापोटी किती सहज खोटं बोलतात! मला त्यांचा राग येईना. मागच्या बाकावरून मोठ्या बाईंना काय दिसत असणार? बाईंनी नुसती मान हलवली असती तरी वेळ निभावून गेली असती.

बाईंनी नळी उजेडात धरली. "नाही आला," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला सांभाळून घेताय, कळतंय मला. पण फेस नाहीये. का नाही, ते शोधू या."

"बटाटा शिळा असेल," लंबू म्हणाला. हे मात्र मला लागलं.

मॉनिटर बाटलीकडे बघत होती. "बाई, ही रोज खिडकीत उन्हात असते. आतल्या पेरॉक्साइडचं आधीच पाणी झालं असेल का?"

प्रथमोपचाराच्या पेटीतून पेरॉक्साइडची दुसरी, तपकिरी बाटली आली. जुनं ओतून दिलं, नवं घातलं, आणि साधा तुकडा असा फसफसला की फेस नळीच्या तोंडापर्यंत चढला. माझा जीव भांड्यात पडला. बर्फातला सावकाश बुडबुडे सोडत होता, व्हिनेगरमधला आंबट तोंड करून बसला होता. बाईंनी बर्फातली नळी लंबूच्या मुठीत दिली. थोडी ऊब मिळाल्यावर तीही फेसाळू लागली.

"आणि उकळलेला, बाई?"

"त्याला आता फेस नाही यायचा. थंडीने विकर नुसतं मंदावतं. उकळलं की त्याची घडणच मोडते."

घंटा झाली. मोठ्या बाई टेबलापाशी आल्या. "माझी नजर अजून चांगली आहे," त्या हळूच म्हणाल्या. "फेस नव्हता, हे मला मागूनही दिसत होतं. पुढच्या महिन्यात हाच तास दुसऱ्या तुकडीला घ्या. बाटली तेवढी कपाटात ठेवत जा."

बाईंनी बाटली तिथल्या तिथे कपाटात ठेवून दिली.

आता मी पुन्हा स्वयंपाकघरात आहे. बाई आईला तीच हकिगत परत परत सांगताहेत आणि आई पातेल्यात पाणी तापवतेय. त्यात गेलो की माझ्यातलं विकर गप्प होईल, आणि मीही. खंत नाही. एवढंच मागतो: एखाद्या बटाट्याला फेस आला नाही, तर कुणाच्या मायेपोटी आला म्हणू नका. का आला नाही, ते विचारा. आम्ही सांगतो.

निघतो आता. पाणी उकळलं.