सहावी दाढ

एका दाढेत बंकट पाटलांना काय काय मिळणार होतं? संग्रहालयात काचेखाली आपलं नाव, पेपरात फोटो, आणि चुलतभाऊ बद्रीनाथच्या पोटात दुखणं. खरं तर या दुखण्यासाठीच सगळा खटाटोप.

दाढ सापडली होती मेंढरांमागं फिरणाऱ्या भामाबाईला, सिंदफणा नदीच्या काठात. विटेएवढी, विटेच्या दुप्पट जड, वर किसणीसारख्या धारा. ती त्यावर टाचा घासायची. पाटलांनी "बघू गं" म्हणून नेली आणि माजलगावात सांगितलं, माझ्या विहिरीच्या खोदकामात निघाली.

ते ऐकून जुन्या हाडांच्या अभ्यासक योगिता मॅडम दोन दिवसांची रजा टाकून आल्या.

"हत्तीची ही जात आता पृथ्वीवर नाही. बर्फातल्या केसाळ मॅमथची भावकी म्हणा. हत्तीला जन्मात सहादा दाढा येतात. ही सहावी, म्हणजे शेवटची, पण निम्मीच झिजलेली. म्हणजे म्हातारा होऊन मेला नाही. बाकीची हाडं मिळाली तर कशानं मेला ते कळेल."

दोन दिवस विहिरीची माती चाळली. उंदराचं हाडसुद्धा निघालं नाही. बद्रीनाथ बांधावर तंबाखू मळत म्हणाला, "दादा, हत्ती नुसता दाढ काढायला आलता का तुझ्याकडं? अन् गेला चालत माघारी?"

माणसं खिदळली. मॅडमनी दाढेच्या खाचेतून खडे काढून तळहातावर धरले. "पाटील, हे नदीतले. खरी जागा सांगा. पूर आला तर काठ राहणार नाही."

पाटलांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बद्रीनाथ बघत होता.

मॅडम गर्दीत उभ्या असलेल्या भामाबाईकडे वळल्या. "मावशी, तुम्हाला दिसलं कुठं असलं काही?"

भामाबाईची मेंढरं दर उन्हाळ्यात पाटलांच्या रानात बसायची. लेंडीखत पाटलांना, ज्वारी तिला. तिनं पाटलांकडे पाहिलं. पाटील चपलेकडे पाहत होते.

"न्हाई बाई. पाटील म्हणत्यात तेच खरं."

मॅडम गेल्या. आठवड्याभरात नदीला पाणी आलं. पाटील लपतछपत काठावर गेले, तर भामाबाई आधीच उभी.

"हितं व्हती," ती म्हणाली. तेवढाच काठ वाहून गेला होता.

"तू तरी खरं सांगायचं, भामाबाई."

"तुमी व्हता की तिथं."

पुढच्या उन्हाळ्यात तिनं मेंढरं दोन कोस लांब, परक्या रानात बसवली. भांडली नाही, हेच पाटलांना जास्त लागलं.

काचेखाली पाटलांचं नाव लागलं. खाली ‘ठिकाण अज्ञात’. मॅडमची रजा गेली, हत्तीचं राहिलेलं अंग पाण्यात गेलं. आणि चारचौघांत खोटं बोलायची पाळी आली ती भामाबाईवर, जिला त्यातून काहीच मिळणार नव्हतं.