पोस्टाचा पत्ता

आठ दिवसांत डेलियाला तान्ह्या ओरनचं रडणं ओळखू यायला लागलं होतं. भुकेचं वेगळं, ओल्या लंगोटाचं वेगळं, आणि तिसरं चिरकं, तिच्या औषधामुळे. गोळ्यांचं व्यसन सुटून तिला चौदा महिने झाले होते. त्यासाठी क्लिनिकची औषधाची पट्टी रोज सकाळी जिभेखाली ठेवायची, ती डॉक्टरांनीच दिलेली, बाळंतपणातही चालू ठेव म्हणून सांगितलेली. पोटातल्या पोराला त्या औषधाची सवय लागणार हेही त्यांनी आधीच सांगितलं होतं. तरी त्याचे हात थरथरले की तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

कायदा असा, की अशा बाळाची खबर हॉस्पिटलने सरकारला द्यायची आणि आई-बाळाला घरी सोडण्याआधी दोघांची काळजी कोण, कशी घेणार याचा आराखडा लिहायचा. वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या डोंगरांत सरकारचं नाव काढलं की माणसं मागच्या दाराने पळतात. हॉस्पिटलातल्या समाजसेविका जोरेटाने मात्र डेलियाला धरून बसवलं.

"पोरी, हा कागद बाळ काढून घ्यायला नाही. ते तुझ्याकडेच राहावं म्हणून आहे. सगळं खरं लिही."

"मी खरं बोलले की लोक घाबरतात, मिस जोरेटा."

"मी नाही घाबरत. माझे तीन नवरे झालेत."

डेलियाने खरंच लिहिलं. क्लिनिकचे वार, घरी येणारी नर्स, पाळणा, सगळं. वर पत्ता लिहिला हेझल आत्याचा, कारण डेलिया राहायची त्या डोंगरातल्या घळीत पोस्टाची गाडी चढत नाही आणि तिथल्या अकराही घरांची पत्रं घळीच्या तोंडाशी आत्याच्या पेटीत पडतात. शाळेच्या दाखल्यापासून तिचा पत्ता तोच. खाली 'बाळ कुठे राहणार' असा रकाना होता. तिथे तिने लिहून टाकलं, 'वरच्याच पत्त्यावर'. जोरेटाने वाचून सही केली.

बालकल्याण ऑफिसातला केंड्रिक मंगळवारी त्या पत्त्यावर गेला. भर दुपारी दार उघडलं आत्याच्या मुलाने, ट्रॅव्हिसने, नुसत्या चड्डीवर, डोळे तारवटलेले. मागे टेबलावर नशेची सुई पडलेली. तिथून पाऊण मैल वर डेलियाचं घर घासूनपुसून तयार होतं. तिकडे कुणी फिरकलंच नाही.

शुक्रवारी घरी सोडणार होते. केंड्रिक कागद घेऊन आला, आणि सोबत एक अनोळखी बाई, हातात बाळाची गाडीतली खुर्ची. ओरनला तूर्त त्या बाईच्या घरी ठेवणार होते.

"ते माझं घर नाही," ती म्हणाली. "तिथे माझी पत्रं येतात. आत्ता चला, दाखवते."

"तुम्हीच लिहिलंय, बाळ तिथे राहणार."

"मग वर जाऊन बघ ना, पाय मोडलेत का तुझे?" जोरेटा म्हणाली. "तुझ्या आजीची पत्रंसुद्धा दुसऱ्याच्याच पेटीत यायची, केंड्रिक."

केंड्रिकची मान खाली गेली. तो दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर निदान शिव्या घालता आल्या असत्या. न्यायाधीशांची सही सकाळीच झाली होती आणि सुनावणी दहा दिवसांनी होती. "तेव्हा सांगा," तो म्हणाला, "पण आम्ही येऊन गेल्यावर पत्ता बदलला, तर लपवाछपवी वाटते. आधीच सांगून ठेवतो."

जोरेटाने तीन ठिकाणी फोन लावले. तिघांनीही तिला दहा दिवसांनी यायला सांगितलं. मग ती पलंगाच्या कडेवर बसली. "वाचलं होतं मी," ती म्हणाली. "वाचूनच सही केली गं." डेलियाला तिचा राग यायला हवा होता, पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

त्या बाईने ओरनला उचललं आणि तो चिरक्या आवाजात रडायला लागला. ती गांगरून त्याला झुलवू लागली, तसा तो लालबुंद होऊन आणखीच ताठरला. डेलियाला ते बघवेना.

"तसं नाही. आधी दिवा घालवा." डेलियाने त्याला घेऊन त्याचे दोन्ही हात छातीशी दुमडले, दुपट्यात घट्ट गुंडाळलं आणि त्याला पुन्हा त्या बाईच्या हातांत दिलं. "छातीशी धरा. झुलवू नका, नुसतं वरखाली, हळू. बोलू नका. डोळ्यांत बघू नका त्याच्या, सहन होत नाही त्याला."

बाईने तसंच केलं. रडणं हळूहळू कमी होत थांबलं आणि ओरनने डोळे मिटले.

आठ दिवस तो फक्त डेलियाकडेच गप्प व्हायचा. आपण हे शिकवायला नको होतं, असं तिला वाटलं, आणि लगेच त्या वाटण्याचीच लाज वाटली.