गार्डसाहेबांचं वजन

वजनकाट्यावरचा आकडा आधी एकशे सातवर गेला, जरा थरथरला आणि एकशे सहा पूर्णांक चारवर येऊन थांबला. ओळीने सोळावा रविवार होता. दोनशे ग्रॅम इकडे, दोनशे ग्रॅम तिकडे. त्यापलीकडे आकडा हलायला तयार नव्हता.

काट्यावर चांगदेव उभे होते आणि त्यांच्या कवेत गार्डसाहेब होते.

गार्डसाहेब म्हणजे चांगदेवांच्या मुलाचा, सत्यजीतचा लॅब्रेडॉर. कागदोपत्री त्याचे नाव ब्रूनो. पण घरातून निघताना तो आगगाडीच्या शेवटच्या डब्यातल्या गार्डसारखा सगळ्यांच्या शेवटी, दारात एकदा मागे वळून बघून निघे; म्हणून चांगदेवांनी त्याला परस्पर बढती दिली होती. काट्यावर तो एकटा उभा राहत नसे, आणि सत्यजीतची कंबर धरलेली. तीस वर्षे भाताची पातेली उचललेले चांगदेवच त्याला उचलू शकत.

"किती झालं?" त्यांनी विचारले. कुत्र्याच्या अंगाआड त्यांना स्वतःचे पायही दिसत नव्हते.

"तेवढंच," त्यांची सून सायली म्हणाली आणि तिने वहीत लिहिले: एकूण १०६.४, वजा आप्पा ६८, राहिले ३८.४. ती एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला होती. न मोजलेली वस्तू तिच्या हातून पुढे जात नसे.

"म्हंजी अजून सहा किलो हाय," चांगदेव म्हणाले. चेहरा त्यांनी गंभीर ठेवला. पण कुत्र्याला खाली सोडताना त्याच्या कानामागे गरजेपेक्षा जास्त वेळ खाजवले.

चार महिन्यांपूर्वी गार्डसाहेबांचे मागचे पाय धरायला लागले. जनावरांच्या डॉक्टर ज्ञानेश्वरींनी सांगितले, वजन बत्तीसवर आणा, नाहीतर वर्षभरात तो जिना चढणार नाही. पाकिटातले खाणे बंद, घरी शिजवलेले द्या, तेही मापात. नेमके त्याच आठवड्यात चांगदेव दौंडहून शिरूरला मुलाकडे आठ दिवसांसाठी आले होते. दौंडला ते रेल्वेच्या रनिंग रूममध्ये आचारी होते. गाडी घेऊन आलेले ड्रायव्हर आणि गार्ड जिथे जेवून झोपतात, तिथे. निवृत्तीनंतर कॉलनीच्या मागे एक खोली भाड्याने घेऊन एकटेच राहत.

"याचं वजन उतरवून देतो आन् मग जातो," ते म्हणाले होते.

त्यावर राहा असे कोणी म्हणाले नाही. सत्यजीत आणि सायलीला वाटे, आप्पांचा जीव दौंडात अडकलाय. चांगदेवांना वाटे, कोणी म्हटल्याशिवाय सुनेच्या घरी मुक्काम ठोकायचा कसा? दौंडहून खोलीचे मालक पोपटराव दर रविवारी फोन करत. "चांगदेवराव, येताय का देऊ खोली? मानूस दारात हुबा हाय." चांगदेव म्हणत, "वजन उतरलं की सांगतो."

पहिल्या दिवशी स्वयंपाकावरून वाद झाला होता.

"बिनमिठाचं? सायली, कैद्याला बी मीठ देत्यात."

"डॉक्टरांनी सांगितलंय, आप्पा. तेल नाही, फोडणी नाही. कांदा-लसूण तर त्याला बाधतोच."

"मंग चव?"

"चव त्याला बघू द्या."

हे तिने बोलायला नको होते. आचाऱ्याने आधी स्वतः खायचे, मग ताट बाहेर पाठवायचे, हा चांगदेवांचा तीस वर्षांचा नेम. गाडी चालवणाऱ्याचे पोट बिघडले तर मागे हजार माणसे असतात. गार्डसाहेबांच्या मागे कोणी नव्हते, पण नेम तो नेम. ते रोज कोंबडी, भात, लाल भोपळा आणि फरसबी मऊ शिजवत आणि चमचाभर खात. मिठाशिवाय चमचाभरात काही कळत नाही, म्हणून मग वाटीभर.

शिवाय त्यांचा हात चाळीस पानांचा. एका कुत्र्यापुरते शिजवणे त्यांना जन्मात जमले नसते. सायली कुत्र्याचे ताट मोजून भरी आणि कामावर जाई. पातेल्यात उरलेले टाकायचे कसे? आकडा उतरेना तशी तिने ताटातले माप आणखी कमी केले. पातेल्यात उरायचे ते वाढले. चांगदेवांनी पायजम्याची नाडी सैल बांधायला सुरुवात केली आणि शिरूरचे पाणी मानवले, असे मनाशी ठरवून टाकले.

त्या सोळाव्या रविवारी डॉक्टरांचा फोन आला. दवाखान्यात जनावरांचा नवा काटा आला होता.

दवाखान्यात दोन शेळ्या आणि त्यांच्या मालकीणबाई बानूबाई आधीपासून बसल्या होत्या. काटा जमिनीलगतचा, रबर घातलेला. गार्डसाहेब त्यावर आपणहून जाऊन बसले.

"बत्तीस पॉइंट सहा," डॉक्टर म्हणाल्या. "शाब्बास."

"शक्य नाही," सायली म्हणाली. "काटा कॅलिब्रेट केलाय का?"

डॉक्टरांनी कोपऱ्यातली पंचवीस किलोची पेंडीची गोणी ओढून काट्यावर ठेवली. आकडा पंचवीसवर थांबला.

सायलीने वही उघडली. सोळा आठवड्यांच्या ओळी वरून खाली वाचल्या. मग तिने मान वर केली आणि सासऱ्यांकडे पाहिले. आधी चेहऱ्याकडे, मग पोटाकडे.

"आप्पा, तुम्ही जरा चढा."

"मी कशाला? जनावरांचा काटा हाय."

"चढा."

चांगदेव चपला काढून चढले. त्र्याहत्तर पूर्णांक आठ.

"दोघांचं मिळून एकशे सहा पॉइंट चार," सायली सावकाश म्हणाली. "कुठंही काही गेलं नाही. याचं उतरलं ते सगळं तुमच्याकडे आलं. चूक माझी आहे. सोळा आठवडे मी तुम्हाला अडुसष्टच धरून चालले."

"डॉक्टरीणबाई," बानूबाई शेळीची दोरी आवळत म्हणाल्या, "ह्या पाव्हण्यास्नी बी यक इंजेक्शन द्या. लई गोडीनं खात्यात म्हना की."

डॉक्टर तोंड फिरवून औषधांच्या कपाटात काहीतरी शोधू लागल्या.

परतताना एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर रस्ता ओलांडायला थांबल्यावर सायलीने विचारले, "घरी तुम्ही दीड भाकरी खाता. मी वाढायला आले की ताटावर हात धरता. आणि इकडे कुत्र्याचं बिनमिठाचं?"

"ते खानं न्हवं. ते काम हाय," चांगदेव म्हणाले. मग खालच्या आवाजात, "सुनंच्या घरी बेतानं खावं मानसानं."

"चार महिने?"

चांगदेवांनी कुत्र्याचा पट्टा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"तुम्ही म्हणाला होता, वजन झालं की जाणार," सायली समोरच्या बसकडे बघत म्हणाली. तिचा आवाज वहीत आकडा लिहिताना असे तसाच सरळ होता. "आता झालं."

"सहाशे ग्रॅम हाय अजून."

"ते या आठवड्यात जातील, आप्पा. मी बघितलंय गणित करून."

दौंडची बस फलाटावरून मागे सरकली. कंडक्टरने दार लावून घेतले. चांगदेवांनी ती रस्त्याला लागेपर्यंत पाहिली आणि ते म्हणाले, "सायली, पोपटरावला कळवतो. खोली दे म्हनावं त्या मानसाला. कुनी राहा म्हनायची वाट बघत चार महिनं गेलं, आता मीच म्हनतो. मी न्हाई जात दौंडला."