तापमान दिलेलं नाही

नव्या साहेबांनी रुजू झाल्या दिवशीच टेबलावर काचेची एक पट्टी मांडली. तिच्यावर नाव नव्हतं, हुद्दाही नव्हता. मॅनेजमेंटच्या प्रवेश परीक्षेत त्यांना पडलेला पर्सेंटाइल तेवढा कोरला होता: ९९.१. दुपारच्या चहापर्यंत अख्खा कारखाना त्यांना ‘नव्व्याण्णव’ म्हणू लागला. पूर्णांक एक लोकांनी सोडून दिला. चहाच्या सुट्टीत तेवढा वेळ कुणाकडे असतो?

कारखाना हात निर्जंतुक करायच्या द्रावणाचा. टाकीवरचा माणूस, सगळ्यांचा टाकीमामा, रोज दुपारी मोठ्या टाकीत सातशे लिटर अल्कोहोल आणि तीनशे लिटर पाणी सोडी, झाकण लावी आणि घरी जाई. सकाळी मोजपट्टी आत घातली की ती नऊशे सदुसष्ट दाखवी. बावीस वर्षं ती नऊशे सदुसष्टच दाखवत आली होती आणि बावीस वर्षं कुणाच्या पोटात दुखलं नव्हतं.

नव्व्याण्णवच्या दुखलं.

“सातशे अधिक तीनशे किती?” त्यांनी टाकीमामाला केबिनमध्ये बोलावून विचारलं.

“हजार, साहेब.”

“मग तेहेतीस लिटर कुठे जातात?”

“ते बाईंना ठाऊक.”

बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्या थेंब मोजतात तसेच शब्दही मोजतात म्हणून त्यांचं नाव थेंबबाई पडलं होतं. नव्व्याण्णव प्रयोगशाळेत आले, तेव्हा थेंबबाईंनी फार बोलण्यापेक्षा करून दाखवणं बरं असा विचार केला. एका मोजपात्रात पन्नास मिलिलिटर अल्कोहोल, दुसऱ्यात पन्नास मिलिलिटर पाणी. दोन्ही एकत्र ओतलं, ढवळलं, निवू दिलं. भरलं साडेशहाण्णव.

“दोन्ही एकमेकांच्या फटींत शिरून बसतात,” त्या म्हणाल्या. “वजन तेवढंच राहतं. जागा कमी लागते.”

नव्व्याण्णवनी मोजपात्राकडे पाहिलं. मग वाकून टेबलाखाली पाहिलं.

“म्हणजे मॅडम, गळती लॅबमध्येही आहे.”

“गळती नाही. वजन करून बघू या का?”

“आपण माल किलोवर विकतो का?”

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खाली उतरवून शेळी दाखवली, तर तो म्हणतो हिचे पायच आखूड आहेत. थेंबबाईंनी मोजपात्रं धुऊन पालथी घातली.

दुसऱ्या दिवसापासून टाकीवर कॅमेरा लागला आणि फाटकावर टाकीमामाची झडती सुरू झाली. रोज संध्याकाळी सगळ्यांसमोर तो खिसे उलटे करी: चष्म्याची डबी, बसचा पास, खोकल्याच्या दोन गोळ्या. फाटकावरचा पहारेकरी त्याच्याबरोबर दहा वर्षं पत्ते खेळलेला. तो झडती घेताना आभाळाकडे बघे.

“तेहेतीस लिटर रोज!” टाकीमामा थेंबबाईंना म्हणाला. “बाई, माझ्या डब्यात धड दोन पोळ्या मावत नाहीत. मी काय पोटात भरून नेतो?”

तो हसत होता, पण त्या दिवसापासून त्याने थेंबबाईंच्या खोलीत पाऊल टाकणं बंद केलं. अल्कोहोलच्या बाटल्यांजवळ आपण उभे दिसायला नको म्हणून. चौकशी चार महिन्यांनंतरची ठरली. चोरी शाबीत झाली, की बावीस वर्षांची नोकरी गेली आणि वर नावाला काळं फासलं गेलं.

थेंबबाई मालकीणबाईंकडे गेल्या. मालकीणबाई शांतपणे ऐकून घेणाऱ्या होत्या, आणि ऐकून घेतल्यावर नियम सांगणाऱ्या.

“साहेब म्हणतात चोरी, तुम्ही म्हणता आकसलं. मला दोन्हीतलं काही कळत नाही. चौकशी समितीत बसा आणि तिथे सांगा.”

“बसते.”

“पण समितीत बसायला मॅनेजरची ग्रेड लागते. ती संध्याकाळच्या मॅनेजमेंट कोर्सला प्रवेश मिळाला की लगेच देऊ. कॉलेज नव्वद पर्सेंटाइलच्या खाली घेत नाही म्हणे.”

“म्हणजे पाणी आकसतं हे सांगायला मी आधी परीक्षा द्यायची?”

“नियम माझ्या सासऱ्यांनी केलाय,” मालकीणबाई म्हणाल्या. “ते वारले. आता तो बदलणार कोण?”

थेंबबाई तिथून उठल्या. त्यांनी अर्ज भरला.

घरी शिकवायला सासूबाई बसल्या. सासूबाईंनी टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढली होती. लांबच्या गावांचे फोन जोडायचे आणि तीन मिनिटं झाली की मध्ये तोंड घालून “तीन मिनिटं झाली, वाढवायची का?” असं विचारायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी सवय सुटली नव्हती. शेजारीण सुनेची गाऱ्हाणी सांगायला आली, की बरोबर तीन मिनिटांनी सासूबाई विचारत, “वाढवायची का?”

“एका प्रश्नाला किती वेळ?” त्यांनी पुस्तक हातात घेताच विचारलं.

“दोन मिनिटं, आई.”

“दोनच? भिकारडी परीक्षा दिसते.”

रोज सकाळी साडेपाचला स्वयंपाकघराच्या ओट्याशी वर्ग भरे. नवरा चहा करी आणि कप ठेवून पाय न वाजवता निघून जाई. सासूबाई प्रश्न वाचून दाखवत आणि वाचता वाचता स्वतःच त्यात गुंतत.

“आठ जण गोल टेबलाभोवती बसले आहेत. ‘अ’ला ‘ब’च्या शेजारी बसायचं नाही. का गं? काय झालं दोघांत?”

“ते दिलेलं नाही.”

“हेच तर चुकतं यांचं. मुद्द्याचं सांगतच नाहीत. पुढे ऐक. ‘क’ला ‘ड’च्या समोरच बसायचंय. हं, म्हणजे इथे काहीतरी शिजतंय.”

दोन नळ हौद भरत होते आणि तिसरा रिकामा करत होता, तेव्हा सासूबाईंनी पुस्तकच मिटलं. “तो तिसरा बंद करायला घरात एक माणूस नाही? लग्न करून अशा घरात पडली असतीस तर?”

हसत-खेळत थेंबबाईंचे गुण चढत गेले. आकडे त्यांच्या रोजच्या बैठकीतले. उताऱ्यांवरचे प्रश्नही जमू लागले. लेखकाचा सूर कोणता, या प्रश्नाला त्या दर वेळी ‘सावध’ हा पर्याय निवडत आणि बहुतेकदा तो बरोबर निघे. गाडी अडे ती एकाच ठिकाणी. मिश्रणाचा प्रश्न आला, की थेंबबाईंचं बोट शेवटच्या पर्यायावर जाई: दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही.

“पुन्हा चूक,” सासूबाई पाठीमागची उत्तरं बघून म्हणत.

“पण खरंच सांगता येत नाही. तापमान दिलेलं नाही. आणि साठ नि चाळीस मिळून शंभर होतच नाहीत.”

“पुस्तक म्हणतं होतात.”

“पुस्तक खोटं बोलतं.”

“बोलू दे की! तुझ्या घरचं काय जातंय?”

महिनाभर हेच चाललं. पालथ्या घड्यावर पाणी. आणि या घड्याला पाण्याचं घनफळ तोंडपाठ. सराव परीक्षेत थेंबबाई सत्त्याऐंशीवर अडकून बसल्या. नव्वदला कमी पडणारे ते तीन कुठे जातात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कधी कधी रागाच्या भरात त्या समासात बरोबर उत्तर काढून दाखवत. त्यात सहा मिनिटं जात आणि ते चारांपैकी कुठल्याही पर्यायाशी जुळत नसे.

परीक्षेच्या आदल्या सकाळी सासूबाईंनी चष्मा काढून ओट्यावर ठेवला.

“हे बघ. तीस वर्षांत मी किती फोन जोडले असतील? लाखभर तरी. एक जण बायकोला सांगायचा, मी कामात अडकलोय. मला माहीत होतं, तो दुसऱ्याच बाईच्या घरून बोलतोय. पाच मिनिटांपूर्वी तिनेच फोन उचलून मला नंबर दिलेला. मी काय केलं?”

“काय केलंत?”

“जोडला. खरं-खोटं ठरवणं माझं काम नव्हतं. लाइन जोडणं माझं काम. उद्या तू लाइन जोडून ये. खरं काय ते चौकशीत सांग.”

परीक्षा केंद्र एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होतं. दारात निळ्या कोटातली एक मुलगी उभी होती. तिने अंगठ्याचा ठसा घेतला, बाह्या वर करायला लावल्या, चष्म्याच्या काड्या उलटसुलट करून पाहिल्या.

“खिसे बाहेर काढा.”

थेंबबाईंनी खिसे उलटे केले. रुमाल निघाला. मागे रांगेत विशीतली वीस-बावीस पोरं उभी होती आणि सगळी त्या रुमालाकडे बघत होती. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी थेंबबाईंचे कान तापले. आपण काही चोरलेलं नाही हे सिद्ध करायचं असेल, तर माणसाला किती मूर्खासारखं उभं राहावं लागतं! टाकीमामा हे रोज करतो, रविवार सोडून.

आत प्रत्येकासमोर एक पडदा, कच्चं काम करायला एक प्लास्टिकची पाटी आणि एक पेन. एकदा ‘पुढे’ दाबलं की मागचा प्रश्न परत दिसायचा नाही. गोल टेबलं झाली, नळ झाले, गोगलगायींवरचा उतारा झाला (लेखक सावध होता). एकोणिसावा प्रश्न पडद्यावर आला आणि थेंबबाई खुर्चीत ताठ झाल्या.

एका टाकीत सातशे लिटर अल्कोहोल आणि तीनशे लिटर पाणी आहे. त्यातलं शंभर लिटर मिश्रण काढून घेऊन तेवढंच पाणी घातलं. आता अल्कोहोल आणि पाणी यांचं प्रमाण किती?

सातशे आणि तीनशे! जणू नव्व्याण्णवच आत बसून प्रश्न काढत होते. पहिला पर्याय त्रेसष्टास सदतीस. परीक्षेला हवं असलेलं हे उत्तर त्यांना दहा सेकंदांत आलं होतं. शेवटचा पर्याय, नेहमीचाच: सांगता येत नाही.

टाकीत मुळात हजार लिटर नाहीच. नऊशे सदुसष्ट आहे. त्यातून शंभर काढले, म्हणजे दहावा हिस्सा नव्हे, थोडा जास्त. बोट आपोआप खाली सरकू लागलं. आणि पहिला पर्याय निवडायचा म्हणजे काय, हेही त्यांना लख्ख दिसत होतं: टाकी हजारची आहे यावर सही करायची. म्हणजे तेहेतीस लिटर कुणीतरी नेले यावर सही करायची.

पडद्याच्या कोपऱ्यात सेकंद पळत होते. वाढवायची का?

थेंबबाईंनी डोळे मिटले, त्रेसष्टास सदतीसवर टिचकी मारली, ‘पुढे’ दाबलं. लाइन जोडली.

शेवटी पडद्यावर आकडा उमटला: एक्क्याण्णव पूर्णांक तीन.

चौकशीला मालकीणबाईंच्या खोलीत तिघं बसली: मालकीणबाई, नव्व्याण्णव, आणि नवी ग्रेड मिळालेल्या थेंबबाई. टाकीमामा बाहेर बाकावर. नव्व्याण्णवनी चार रंगांचा एक आलेख आणला होता. थेंबबाईंनी दोन बाटल्या, एक ढवळणी आणि चार मोजपात्रं आणली होती.

“साहेब, या वेळी मी हात लावणार नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच ओता. आधी पन्नास पाणी, त्यात पन्नास पाणी.”

“यात काय होणार?”

“बघू या ना.”

नव्व्याण्णवनी ओतलं. शंभर भरलं.

“मोजपात्र गळत नाही, असं लिहून घ्यायचं का?” थेंबबाईंनी विचारलं. मालकीणबाईंनी लिहून घेतलं.

“आता पन्नास अल्कोहोल, त्यात पन्नास पाणी. ढवळा. निवू द्या.”

थंड पाण्याच्या वाडग्यात मोजपात्र ठेवून तिघं दहा मिनिटं बसून राहिली. मालकीणबाईंनी मधल्या वेळात दोन फोन नाकारले. मग नव्व्याण्णवनी मोजपात्र उचललं, डोळ्यांसमोर धरलं, उजेडाकडे फिरवलं, डोकं तिरकं करून पाहिलं. ते साडेशहाण्णवच होतं.

“साडेतीन गेले,” थेंबबाई म्हणाल्या. “दार बंद आहे. खोलीत आपण तिघंच.”

आणि त्या उठून उभ्या राहिल्या. त्यांनी पांढऱ्या कोटाचे दोन्ही खिसे ओढून उलटे केले. रुमाल, पेन, एक काचेचा ड्रॉपर.

“माझ्याकडे नाहीत. साहेब?”

नव्व्याण्णवचा हात खरंच खिशाकडे गेला. अर्ध्या वाटेत तो थांबला, पण मालकीणबाईंनी पाहिलं होतं. त्या आधी खोकल्या, मग खोकला पुरेना म्हणून सरळ हसल्या.

“हे चार महिन्यांपूर्वी का नाही सांगितलंत?” हसू आवरल्यावर त्यांनी विचारलं.

“सांगितलं होतं. तेव्हा मला ग्रेड नव्हती.”

नव्व्याण्णव अजून मोजपात्राकडेच बघत होते. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी शिकत असलेल्या माणसाचा भाव होता, आणि तो त्यांना शोभतही होता.

“पण मॅडम,” ते हळूच म्हणाले, “परीक्षेत मिश्रणाचा एकही प्रश्न माझा चुकला नव्हता.”

“माझाही नाही,” थेंबबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी फाटकाशी टाकीमामाने सवयीने खिसे उलटे केले. पहारेकऱ्याने त्यातल्या खोकल्याच्या दोन्ही गोळ्या उचलून तोंडात टाकल्या. “हा चार महिन्यांचा पगार,” तो म्हणाला, आणि फाटक उघडलं.

घरी सासूबाईंनी सगळं पहिल्यापासून ऐकलं, एकदाही मध्ये न तोडता.

“त्याला कळायला एकूण किती वेळ लागला?” त्यांनी शेवटी विचारलं.

“चार महिने आणि बारा मिनिटं.”

सासूबाईंनी मान हलवली.

“तीनवर तोडली असती मी लाइन.”